तुमच्या मशीनला जमतं ना?

बलवान असणं हा एक गुन्हा आहे, असं अलीकडे माझं मत होऊ लागलं आहे. घाईघाईनं सांगून टाकतो, मी स्वतः बलवान नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण आमच्याकडे ही उघडते, आणि मी शेजारी उभा राहून 'मीच सैल करून दिलं होतं' असं म्हणतो. त्यामुळे या गुन्ह्याची शिक्षा मला कधी भोगावी लागलेली नाही. मी बोलतो आहे ते आमच्या शिवणाच्या मशीनबद्दल.

मशीन सिंगरचं. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. त्यातली वेल हात लागून लागून पुसली गेली आणि आता नुसती बुट्टी उरली आहे. खाली बिडाचं जाळीदार पायडल, त्याच्यावर पाय ठेवला की शेजारच्या घरात कळतं. वडिलांनी हे 1951 साली औरंगाबादेत घेतलं, म्हणजे ते माझ्याहून एका वर्षानं मोठं. घरातला थोरला म्हणून मला जो काही मान मिळाला तो वास्तविक त्याचा. (गावाचं नाव 2023 पासून छत्रपती संभाजीनगर झालं आहे, पण मशीन आलं ते औरंगाबादेत, तेव्हा त्याच्या जन्मपत्रिकेत तेच राहू द्या.) हैदराबादला बदली होऊन चाललेल्या एका कारकुनाकडून ते जुनंच विकत घेतलं होतं. किंमत किती पडली यावर आईवडिलांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. वडील सांगत ती रक्कम हाली रुपयांतली, आई सांगे ती कलदारांतली. निजामाच्या राज्याचा रुपया वेगळा होता, आणि 1948 साली संस्थान भारतात आलं तरी तो पुढं काही वर्षं बाजारात फिरत राहिला. सात हाली म्हणजे सहा कलदार. त्या सातव्या रुपयावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढ्यात दुसरं मशीन आलं असतं.

आमचं गाव हिमरूचं. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादेला हलवली, तेव्हा त्याच्यामागून विणकरही आले असं सांगतात. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. अशा गावात आलेल्या मशीननं काय स्वप्नं पाहिली असतील! रेशीम, जर, फार तर एखादी मलमलीची ओढणी. त्याच्या वाट्याला आलं गोणपाट.

म्हणजे असं की, औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात मशीनं तीन होती. दोन बिऱ्हाडांकडची हातमशीनं होती, नाजूक, झबल्या-टोपड्यांची. त्यांना जाड कापड दाखवलं की ती टाका सोडत. आमचं मशीन टाका सोडत नसे. हे एकदा सिद्ध झालं आणि त्याचं नशीब ठरलं. उन्हाळ्यात खिडक्यांना ओले करून लावायचे गोणपाटाचे पडदे, गाद्यांच्या खोळी, जाजमांच्या कडा, छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून वडिलांनी आणलेल्या जुन्या कॅनव्हासची आम्हा भावंडांची दप्तरं, हे सगळं त्याच्यावर. मग वाड्यातल्या सगळ्या गाद्या, सगळी दप्तरं. दुपारी दोन वाजता दारात कोणीतरी काखोटीला गाठोडं मारून उभं असे आणि म्हणे, "तुमच्या मशीनला जमतं ना?"

मशीनला जमत होतं. मशीन चालवायला आई लागत होती, हा भाग त्या प्रश्नात यायचा नाही.

आई काय करायची ते मी लहानपणी नुसतं पाहिलं, समजून कधी घेतलं नाही. जाड दुमड आली की ती आधी खलबत्त्यातला बत्ता आणून दुमडीवर ठोकायची. शिवणीच्या रेषेवर कोरड्या साबणाची वडी फिरवायची, म्हणजे सुई घसरत आत जाते. टाका मोठा ठेवायची. जाडीच्या पायरीवर मशीनचा पाय चढताना तिरका होऊ नये म्हणून त्याच्यामागं त्याच कापडाची घडी सरकवायची. मग पायडलवरचे पाय काढून घ्यायची आणि उजव्या हातानं चाक फिरवत एकेक टाका घालायची. आणि कोपरा आला की थांबायची. कोपरा ती मशीनवर कधीच घालत नसे. तिथं दाभण. "त्याला नाही जमायचं तिथं," असं म्हणून ती कोपरे हातानं शिवत बसायची. शिवणाऱ्यांच्या बोटांना घट्टे पडतात, ते तिच्या बोटांना या कोपऱ्यांनी पडले होते.

आता आपण जरा तत्त्वज्ञानाकडे वळू. घाबरू नका, फार लांब जायचं नाही. ज्याला जमतं त्यानं करावं, हे तत्त्व ऐकायला किती न्याय्य वाटतं! उंच फळीवरचा डबा उंच माणसानं काढावा. यात कुणाला काही चूक दिसणार नाही, निदान बुटक्यांना तर नाहीच. पण म्हणून उंच माणसानं जन्मभर डबेच काढायचे का? आणि बाकीच्यांनी स्टूल म्हणून आणायचंच नाही का? आमच्या कचेरीत एक गृहस्थ होते. फायली वेळेवर निकाली काढण्याची त्यांना खोड होती. परिणाम असा झाला की सगळ्या खात्याच्या फायली त्यांच्या टेबलावर वस्तीला आल्या. मी मात्र नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका तक्त्याची बेरीज तीन वेळा केली आणि तीन वेगवेगळी उत्तरं काढली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मला कुणी बेरीज सांगितली नाही. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, अत्यंत शांत स्वभावाचा माणूस. ते दुसरे गृहस्थ रक्तदाबानं चिडचिडे झाले होते; त्यांच्या समारंभात त्यांच्या स्वभावाबद्दल कुणी काही बोललं नाही.

हे सगळं मला आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी एक पडदा शिवायला घेतला होता.

आमचा सिडकोतला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि गॅलरी पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या गॅलरीत पापड वाळत नाहीत, भाजतात. मी ठरवलं की जाड कॅनव्हासचा पडदा करायचा, आणि तो घरी करायचा. धाकट्या सुनेचं विजेवरचं मशीन होतं. पांढरंशुभ्र, बटण फिरवलं की बदकांची नक्षी काढणारं. तिनं कॅनव्हास पाहिला आणि "बाबा, याला नाही झेपायचं हं" असं म्हणून मशीन उचलून खोलीत नेलं. नाही म्हणता येणाऱ्या पिढीबद्दल मला फार आदर आहे. राहता राहिलं थोरलं भावंडं.

साहित्याचा अभ्यास मी केला होता. रोजच्या सुती कापडाला चौदा नंबरची सुई, जीनला सोळा, कॅनव्हासला अठरा. अठराची आणली. दोरा जाड नायलॉनचा आणला. कडेला दोनदा दुमड घातली की कापडाचे तीन पदर होतात, आणि कोपऱ्यात दोन्ही दुमडी एकमेकींवर आल्या की नऊ. मी तिन्ही पदरांतून सरळ निघालो. लांबच लांब टीप पडत होती, पायडलचा आवाज तोच लहानपणचा, मला गहिवरून आलं. उलटं करून पाहिलं तर खालच्या बाजूला दोऱ्याचे झुपके. दोरा बॉबिनच्या मानानं फार जाड होता. तो बदलला. पुन्हा गहिवर. आणि मग कोपरा आला.

कोपऱ्यावर मशीन थांबलं. गंमत म्हणजे माझे पाय थांबले नव्हते. पायडल चालू, खालचं मोठं चाक चालू, आणि वरचं चाक स्थिर. मधला चामडी पट्टा नुसता घसरत होता. मी जोर केला, तो जास्त घसरला. मी मशीनला म्हणालो, "अरे, आईच्या वेळी तर तू गाद्या शिवत होतास!" (घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलण्याची ही आपली पद्धत आहेच.) मग मी पट्टा काढला, बोटभर कापून आखूड केला, तारेनं पुन्हा जोडला आणि चाकावर ताणून बसवला. आता बघू कसा घसरतोस. दोन्ही पायांनी पायडल दाबलं.

पट्टा घसरला नाही. सुई तुटली. तिचा तुकडा माझ्या चष्म्याच्या काचेवर टण्णकन आपटून कुठंतरी गेला, आणि आतून 'खट्‌' असा एक आवाज आला. तो मला आवडला नाही. चाक हातानं फिरवून पाहिलं. फिरेना.

ही आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आईंचं मशीन ना ते." एवढंच म्हणाली. मग आत जाऊन गॅसचं सिलिंडर बदलायला लागली, कारण तेही याच दिवशी संपायचं होतं.

मशीन बंद पडलं तेव्हा नातवाला त्याच्याबद्दल कुतूहल वाटलं. चालू होतं तेव्हा वाटलं नव्हतं. त्यानं पितळी पट्टीवरचं लिखाण वाचलं आणि मोबाईलवर माहिती काढायला सुरुवात केली. मशीन स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकचं निघालं. प्रचंड कारखाना. 1913 या एका वर्षात तिथं तेरा लाखांवर मशीनं तयार झाली. कारखाना 1980 साली बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर'च आहे. हे सगळं मी मान डोलवत ऐकलं. पण पुढं त्यानं जे वाचून दाखवलं त्यानं मी उठून बसलो. 1911 साली त्या कारखान्यात मशीनांच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बायकांचा एक गट होता. कारखान्यानं त्यातल्या तिघी कमी केल्या आणि त्यांचं काम उरलेल्या बाराजणींवर वाटून टाकलं. बाराजणींना जमतंय ना? मग झालं तर. बाराजणी उठल्या आणि बाहेर पडल्या. त्यांच्यामागून बघता बघता जवळजवळ सगळा कारखाना, दहा हजारांवर माणसं, बाहेर पडली. तीन आठवडे संप चालला. शेवटी कामगार हरले, पुढाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. पण आमच्या या मुक्या मशीनच्या माहेरी असं एकदा घडून गेलं होतं, आणि ते बिचारं सत्तर वर्षं आमच्याकडे एका शब्दानं बोललं नव्हतं.

गांधीजींना हे मशीन आवडे. 1924 साली 'यंग इंडिया'त त्यांची एक मुलाखत आली. तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का, असं विचारल्यावर त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोला हातानं शिवताना होणारे कष्ट सिंगरनं पाहिले आणि केवळ प्रेमापोटी हे यंत्र तयार केलं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. महात्म्याचं मन, त्याला गोष्टीतलं प्रेमच आधी दिसणार. वास्तविक आयझॅक सिंगर हा मूळचा नाटकवाला. 1851 साली त्यानं पेटंट घेतलं खरं, पण त्याचे संसार एकाहून अधिक होते आणि मुलं वीसाच्या वर. बायकोचे कष्ट त्यानं पाहिलेच असतील. फक्त कोणत्या, एवढाच प्रश्न. ते जाऊ द्या. मला अडतं ते पुढं. यंत्र आलं ते कष्ट वाचवायला. आमच्या आईचे वाचले का? हातशिलाई असती तर तिनं आमच्या घरापुरतं शिवलं असतं. मशीन आलं म्हणून आख्ख्या वाड्याच्या गाद्या तिच्या मांडीवर आल्या.

हे एवढ्यावर सोडता आलं असतं तर बरं झालं असतं. आईवर अन्याय झाला, आम्ही सगळे दोषी, विषय संपला. पण मला तिची शेवटची वर्षं आठवतात. आम्ही भावंडांनी ठरवून तिला सांगितलं, "तू आता काही करू नकोस. बस आरामात." तिला ऐंशी पुरी झाली होती. मशीनवर आम्ही भरतकामाचं आच्छादन घातलं आणि त्याच्यावर टेलिफोन ठेवला. आई आरामात बसली. रोज दुपारी दोनच्या सुमाराला ती विचारायची, "काही उसवलंय का रे कुणाचं?" आम्ही मोठ्या प्रेमानं म्हणायचो, "नाही गं, काही नाही." एका दुपारी मी पाणी प्यायला उठलो तर ती खिडकीशी बसून ब्लेडनं उशीचा एक अभ्रा उसवत होती. चांगला धडधाकट अभ्रा. मला पाहून तिनं तो पदराखाली घेतला. मी काही न पाहिल्यासारखं केलं आणि पाणी पिऊन परत जाऊन झोपलो. टेलिफोन उचलून बाजूला ठेवायला असा कितीसा वेळ लागला असता?

भार टाकला तेव्हा विचारलं नाही, आणि काढून घेतला तेव्हाही विचारलं नाही. मशीनचं तिनं ऐकलं होतं, कोपऱ्यापाशी थांबून. तिचा कोपरा कुठं येतो हे आमच्यापैकी कुणी पाहिलं, असं मला काही आठवत नाही.

असो. मशीनचं डोकं बिजागरीतून काढलं, चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन रिक्षानं पैठण गेटला गेलो. लोखंड काय जड असतं! तिथं एका बोळात जुनी मशीनं दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. वय विचारायची सोय नाही, पण भुवयासुद्धा पांढऱ्या. त्यांनी चादर उलगडली, मशीनच्या पाठीवरून हात फिरवला, खालची झडप उघडून चिमट्यानं आधी दोऱ्याचा एक भलामोठा गोळा काढला, आणि मग त्याच्यातून सुईचं टोक. सुईचा दांडाही जागचा सरकला होता. मग त्यांनी मी कौतुकानं सोबत आणलेला पट्टा हातात घेतला आणि तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

"ये किसने काटा?"

"मैंने," मी म्हणालो. "घसरत होता, चाचा."

"घसरनाच होना ना साब," चाचा म्हणाले. "मोटा कपडा आया तो पट्टा घसरता. वो उसका 'नक्को' बोलना है. तुम उसको नक्को बोलनेच नई दिये."

मी बोळातून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत बसलो. चाचांनी तेल घातलं, दांडा बसवला, नवा पट्टा मापून कापला, तो चांगला दोन बोटं सैल ठेवला. मी घाबरत घाबरत विचारलं, आता यानं साधं कापडच शिवायचं का? चाचा हसले. "जीन सिव, कॅनव्हास भी सिव. मगर हाथ से चक्का फिराव, और वो रुका तो तुम भी रुको. बंद नक्को रखो उसको. बंद रखे तो तेल जमता, फिर मैं भी कुछ नई कर सकता." पडद्याबद्दल विचारलं तर म्हणाले, त्यासाठी मोंढ्यात जा, ताडपत्रीवाल्याकडे.

मोंढ्यातल्या माणसानं त्याच्या दणकट मशीनवर चारही कोपऱ्यांसकट पडदा पंधरा मिनिटांत शिवून दिला. पैसे घेतले ते मी वाया घालवलेल्या दोऱ्याहून कमी. ते मशीन त्याच कामासाठी घडवलेलं होतं. त्याच्याही पट्ट्याकडे मी वाकून पाहिलं, तेव्हा तो माणूस जरा संशयानं माझ्याकडे बघू लागला.

मशीन आता पुन्हा जागेवर आहे. त्याच्यावर टेलिफोन नाही. हिनं परवा त्याच्यावर उशांचे सहा अभ्रे शिवले. आता आमच्याकडे डोक्यांपेक्षा अभ्रे जास्त झाले आहेत, पण मी काही बोललो नाही.

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. हातात पिशवी. पिशवीत मुलांच्या चार जीन, खालून आखूड करायच्या, आणि एक प्रवासी बॅग, बंद तुटलेली. "मशीन दुरुस्त झालं म्हणे," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या मशीनला जमतं ना?"

आमच्या घराण्याच्या सवयीनं मी 'हो हो, ठेवून जा' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"जमतं हो. पण हल्ली पट्टा घसरतो."

"अगंबाई! मग दुरुस्त करून घ्या की तो."

"दुरुस्त करूनच आणलाय," ही म्हणाली.

वहिनी गेल्या. पिशवीतली एक जीन मात्र ठेवून गेल्या, धाकट्याची, शाळेची सहल होती म्हणून. ती हिनं आपण होऊन मागून घेतली होती. मी विजयी मुद्रेनं जेवायला बसलो, तर ताटाशेजारी लोणच्याची बरणी ठेवलेली. झाकण बंद.

"घट्ट बसलंय," ही म्हणाली आणि पोळी वाढायला वळली.

मी बरणी हातात घेतली. दोन्ही हातांनी पिळलं, फडकं लावून पिळलं, उंबऱ्याशी जाऊन झाकणाच्या कडेला ठोकलं. आमटी गार झाली. शेवटी उघडलं.